कोणतं कर्जत?

माझ्या पासपोर्टावर जन्मस्थानाच्या रकान्यात दोनच शब्द आहेत: कर्जत, महाराष्ट्र. या दोन शब्दांनी मला आयुष्यात जेवढं बोलायला लावलंय, तेवढं पस्तीस वर्षांच्या मास्तरकीनंही लावलं नाही.

महाराष्ट्रात कर्जत नावाचे तालुके दोन. एक रायगड जिल्ह्यातला. तिथं मुंबईहून लोकल जाते, पावसाळ्यात धबधबे असतात, शनिवार-रविवारी फार्महाऊसं भरतात. घाट चढायला मागून इंजिन लावावं लागतं म्हणून गाड्या थांबतात, आणि गाड्या थांबतात म्हणून वडे खपतात. दुसरा आमचा, नगर जिल्ह्यातला. गावाला रेल्वे नाही, धबधबा नाही, आणि पाऊस तिकडच्या कर्जतला पडून उरलाच तर घाट ओलांडून आमच्याकडे येतो. त्यांचा पिनकोड 410201, आमचा 414402. पोस्टाला तेवढ्यावरून कळतं. माणसांना कळत नाही.

मुंबईत कुणी गाव विचारलं आणि मी 'कर्जत' म्हटलं की समोरच्याचा चेहरा खुलतो. "अरे वा! म्हणजे लोकलनंच आलात."

"नाही हो, ते नव्हे. राशीनजवळचं."

राशीन त्याला माहीत नसतं. राशीनच्या देवीला वर्षाला एवढी माणसं येतात, पण त्यातला एकही मला मुंबईत भेटलेला नाही. मग मी शेवटचा हुकमी पत्ता टाकतो. "सिद्धटेकचा गणपती आहे ना, तो आमच्या तालुक्यात." अष्टविनायक म्हटल्यावर चेहरा परत उजळतो, आणि तो म्हणतो, "पण ते दौंडला ना?" दौंडवरून जाऊन, भीमा ओलांडून दर्शन घेऊन परत दौंडलाच येणाऱ्या लोकांनी आमचा गणपतीसुद्धा मनानं पुणे जिल्ह्यात नेऊन ठेवलाय.

हे एवढं सांगायचं कारण, आमची लेक दुबईला असते. तिचं पहिलं बाळंतपण. रिवाजाप्रमाणे माहेरी यायचं, पण डॉक्टरांनी प्रवास नको म्हणून सांगितलं. मग माहेरच दुबईला न्यायचं ठरलं. माहेराचं वजन माणशी तीस किलोपेक्षा जास्त भरता कामा नये, असं तिकिटावर छापलेलं होतं.

बांधाबांधीला ही लागली ती महिनाभर आधी. ही म्हणजे आमच्या घरातून. पहिला मान डिंकाच्या लाडवांचा. डिंक, खारीक, खोबरं, गूळ, साजूक तूप आणि खसखस असा रीतसर ऐवज घालून तिनं एकशेवीस लाडू वळले, त्याचा फोटो काढून लेकीला पाठवला, आणि दोन मिनिटांत फोन आला.

"आई, त्यात खसखस आहे का?"

"म्हणजे काय? खसखशीशिवाय लाडू असतो का?"

"अगं इथं खसखशीला बंदी आहे! अफूत धरतात. एक दाणा सापडला तरी पोलीस नेतात."

"बाई गं, बाळंतिणीला शांत झोप लागते तिनं."

"म्हणूनच बंदी आहे, आई."

अमिरातीत खसखस खरोखरच अमली पदार्थांच्या यादीत आहे. तिथल्या कायद्याला डिंकाचा लाडू आणि गांजा यांच्यातला फरक समजावून सांगण्याची माझी तयारी होती, कारण समजावणे हा माझा पेशा. पण लेकीनं शपथ घातली. मग ते एकशेवीस लाडू आमच्या गल्लीत वाटले गेले. ज्या घरांत गेल्या पंधरा वर्षांत पाळणा हललेला नाही, तिथल्या माणसांनी महिनाभर बाळंतिणीचे लाडू खाल्ले. दुसऱ्या खेपेला कढई, खलबत्ता, मिक्सरचं भांडं सगळं दोनदा घासून लाडू झाले. बॅग अंगणात उलटी करून मी काठीनं बडवली, न जाणो शिवणीत एखादा दाणा बसला असेल. शेजारचे विचारायला लागले, झुरळं झालीत का.

खोबऱ्याचं वेगळंच निघालं. ओटी भरायला ही सुक्या खोबऱ्याच्या वाट्या घेऊन निघाली होती. लेक म्हणाली, अख्ख्या वाट्या नको, विमानात चालत नाहीत. सुक्या खोबऱ्यात साठ टक्क्यांच्या वर तेल असतं, त्यामुळे विमानवाहतुकीच्या नियमांत ते ज्वालाग्राही मालात मोडतं. शबरीमलैला जाणाऱ्यांना 2024 च्या हंगामात देशातल्या विमानांतून नारळ सोबत न्यायला खास परवानगी द्यावी लागली होती. म्हणजे आपण ज्याला ओटी म्हणतो, त्याला ते लोक स्फोटकांच्या शेजारी बसवतात. हिनं ऐकलं आणि खोबरं किसायला बसली. "किसलेलं तर पेटत नाही ना?" लाडवात घातलेलं पेटत नाही, एवढं मी अनुभवावरून सांगितलं.

मग शिपी आमटीचा मसाला. कर्जतची ही आमटी ज्यानं खाल्ली नाही त्याला सांगून उपयोग नाही, आणि ज्यानं खाल्ली त्याला सांगायची गरज नाही. घाम पुसायला रुमाल मात्र दोघांनाही लागतो. जावईबापूंनी लग्नानंतरच्या पहिल्या मुक्कामात ती चार वाट्या प्यायली, पाचवी मागितली, आणि त्या दिवसापासून ते हिचे लाडके झाले. मसाला दोन किलो झाला.

घरचा वजनकाटा वीस किलोचा, तेव्हा बॅगा आडतीवर नेल्या. आडतदारानं कांद्याच्या गोण्या बाजूला सारून जागा दिली. हमालानं बॅग काट्यावर टाकली आणि सवयीनं ओरडला, "एकतीस सातशे! बारदान वजा करायचं का?" बारदान म्हणजे सुटकेस, साडेचार किलोची. मी म्हटलं, आपल्याकडे बारदान वजा होतं, विमान कंपनी बारदानासकट धरते. आडतदार गंभीर झाला. "म्हणजे तिथंबी शेतकऱ्याचंच नुकसान."

आता विमान. नगर जिल्ह्यात विमानतळ आहे, नाही असं नाही. काकडीला, शिर्डीचा, 2017 साली सुरू झाला. पण आम्ही जिल्ह्याच्या एका टोकाला आणि तो दुसऱ्या, आणि दुबईचं विमान तिथून नाहीच. तेव्हा मुंबई. कर्जतहून राशीन, भिगवण, पुणे करत मुंबईत सहारपर्यंत पोचायला आम्हाला सात तास लागतात. सहारहून दुबईला तीन, सव्वातीन. म्हणजे परदेश जवळ आहे, मुंबईच लांब पडते.

पोचवायला क्रूझर केली होती. जाणारे दोन, पोचवणारे नऊ. विमान पहाटे चार वाजून दहा मिनिटांचं. एसटीच्या हिशेबानं वाढलेला माणूस गाडीच्या आधी तासभर स्टँडवर असतो, विमान म्हणजे मोठी एसटी, आणि तिकिटावर तीन तास आधी या म्हणून लिहिलेलं. त्यात घाट जाम होणार हे गृहीत, टायर पंक्चर होणार हेही गृहीत. सकाळी दहाला निघालो, काहीच झालं नाही, आणि संध्याकाळी साडेपाचला विमानतळावर हजर.

हमरस्ता सोडून गाडी उंच पुलावर चढते ती चढतच जाते आणि थेट चौथ्या मजल्यावर उभी राहते. चौथ्या मजल्यावर स्वतःच्या पायांनी चढणारी माणसं आम्ही पाहिली होती, क्रूझर पहिल्यांदाच. उतरल्या उतरल्या नऊही जणांना गहिवरून आलं. आमच्याकडे निघणाऱ्याच्या पाया पडायची रीत, आणि निघणाऱ्यानं मोठ्यांच्या पाया पडायची रीत, त्यामुळे अकरा माणसांत पाया पडण्याचे प्रसंग किती होतात हे गणित मी सातवीला शिकवलेलं आहे. मेहुणी रडायला लागली. शिट्टी वाजली. मागे गाड्यांची रांग. पाया पडणं निम्म्यावर आलेलं असताना क्रूझर पुढे काढावी लागली, आणि आम्ही दोघं ट्रॉली ढकलत दाराशी.

दारावर औद्योगिक सुरक्षा दलाचा जवान. त्यानं तिकीट पाहिलं, पासपोर्ट पाहिला, माझ्याकडे पाहिलं.

"अंकल, ये कल का है."

पहाटेचं चार म्हणजे उद्याची तारीख. घड्याळात बारा वाजले की दिवस बदलतो हे मी पस्तीस वर्षं मुलांना शिकवलं, पण आमच्याकडे पहाट ही आदल्या रात्रीचीच असते. कोंबडा आरवल्याशिवाय दुसरा दिवस नाही. जवान भला माणूस. रात्री बारानंतर या म्हणाला. क्रूझरला फोन लावला, ती अंधेरीच्या गर्दीत अडकली होती, ती वळून आली. मग पार्किंगमध्ये गाडीच्या आडोशाला चटई अंथरून सगळ्यांनी भाकरी, ठेचा, पिठलं खाल्लं. रात्री बाराला पुन्हा चौथा मजला, पुन्हा निरोप. मेहुणीनं प्रयत्न केला, पण रडू काही येईना. "मगाशीच झालं ना गं," म्हणाली, आणि जांभई दिली.

आत शिरलो आणि ही थांबली. तिची नजर वर. या टर्मिनलची कल्पना मोरावरून घेतलीय म्हणतात. पांढरे अजस्र खांब वर जाऊन पिसाऱ्यासारखे फुलतात आणि छताला मिळतात, आणि छतात बारीक बारीक डोळे. 2014 पासून हे टर्मिनल चालू आहे. अमेरिकन वास्तुविशारदांनी आमच्या राष्ट्रीय पक्ष्याचा एवढा अभ्यास केला, तो त्यांनी शेंगांच्या पेरणीनंतर आमच्या रानात येऊन केला असता तर पिसारा एवढा प्रेमानं काढला नसता. हिचं मत मात्र निराळं. ती बराच वेळ बघून म्हणाली, "जाळी कोण काढत असंल हो?"

आणि मग लक्षात आलं की इथं काहीतरी चुकतंय. आवाज नाही. दिवसाला नऊशेच्या वर विमानं जिथून चढतात-उतरतात, तिथं कुणी ओरडत नाही. आमच्याकडे दिवसाला चाळीस गाड्यांच्या स्टँडवर कर्णा अखंड चालू असतो, आणि त्यातलं एक अक्षर कळत नसलं तरी धीर येतो, की कुणीतरी आहे. इथं सगळं पडद्यावर. पडदे बदलतात, माणसं मान वर करून वाचतात आणि निमूट चालू लागतात. कुणी कुणाला विचारत नाही.

आम्ही विचारणारी माणसं. आमच्या भागातल्या कुठल्याही स्टँडवर वेळापत्रकाचा बोर्ड असतो. तो वाचून कुणी गाडीत बसल्याचं मी पाहिलेलं नाही. बोर्ड वाचायचा, मग कंट्रोलरला विचारायचं, मग कंडक्टरला, मग ड्रायव्हरला, आणि गाडीत बसल्यावर शेजारच्याला, "ही पुण्यालाच जाते ना?" तो म्हणतो, "मी तुम्हालाच विचारणार होतो." इतकं झालं की गाडी बरोबर आहे याची खात्री पटते. छापलेल्या अक्षराला माणसाची साक्ष लागते. मी मास्तर असून हे म्हणतो.

म्हणून मी एका सूटवाल्याला विचारलं. त्यानं कानातलं बोंडुक काढलं, पडद्याकडे बोट केलं, बोंडुक परत घातलं. दुसऱ्याला विचारलं, तो परदेशी निघाला. तिसरी एक मुलगी होती, ती फोनवर रडत होती. तिला विचारायचं सोडून हिनं तिला पाणी दिलं. शेवटी एक पिवळी पाटी दिसली, तिच्यावर नुसतं इंग्रजी 'आय'. खाली खुर्ची, खुर्चीवर माणूस. आमच्याकडे अडलेला माणूस आयलाच हाक मारतो, तेव्हा पाटी बरोबरच होती. त्यानं रांग दाखवली.

रांग म्हणजे रांग नव्हतीच. खांबांना पट्टे लावून नागमोडी वाट केलेली, आणि त्यात एकही माणूस नाही. काउंटर समोर वीस पावलांवर. सिद्धटेकला गर्दीच्या दिवशी अशी बारी असते, पण तिथं गर्दी असते. मी पट्ट्याखालून वाकून जायला लागलो तसा कर्मचारी म्हणाला, "सर, रांगेतून या." मग मी आणि ही, दोन ट्रॉल्या, साठ किलो, त्या रिकाम्या बारीतून डावीकडे गेलो, उजवीकडे गेलो, परत डावीकडे आलो. सहाव्या वळणाला ही म्हणाली, "प्रदक्षिणा झाली म्हणायची." आमच्यामागून एक तरुण आला, तोही मुकाट सगळी वळणं घेत आला. शिकलेल्या माणसाला पट्टा दिसला की तो वळतो.

काउंटरवर बॅगा बरोबर एकोणतीस नऊशे आणि तीस भरल्या. आडतीच्या काट्यावर माझा विश्वास होताच. बोर्डिंग पास हातात आले. हिनं चष्मा लावून वाचला. तिचं शिक्षण नववी, पण अक्षर न अक्षर वाचायची सवय. विमानतळाच्या खुणेची तीन इंग्रजी अक्षरं त्यावर होती. मुंबई 1995 साली मुंबई झाली, विमानतळ 1999 साली छत्रपतींच्या नावाचा झाला, 2018 साली त्यात 'महाराज' आलं. जगाच्या विमानांच्या वहीत मात्र अजून बॉम्बेतलीच तीन अक्षरं, बी, ओ, एम. ही मोठ्यानं म्हणाली, "अहो, ह्याच्यावर बॉम का लिहिलंय?"

पुढच्या दोन काउंटरांवरच्या माना वळल्या. मी तिचा हात दाबला. हे एकच अक्षरत्रिकूट असं आहे की ते इथं उच्चारायचं नाही, आणि नेमकं तेच इथं प्रत्येकाच्या हातात छापून देतात.

पुढे इमिग्रेशन. काचेमागे एक साहेब, शांत, झोपाळलेले. माझा पासपोर्ट उघडला, पानं उलटली. सगळी कोरी.

"कर्जत?" साहेब मराठीत बोलले. "म्हणजे सेंट्रलवालं?"

मी श्वास घेतला. मागे दीडशे माणसं उभी. देश सोडायच्या शेवटच्या पायरीवरही मला तेच विचारलं जावं?

"नाही साहेब. नगरवालं. राशीनजवळचं."

"अहिल्यानगर."

"हो, अहिल्यानगर. पण पासपोर्ट नाव बदलायच्या आधीचा, त्यावर पत्त्यात अहमदनगर आहे. अहिल्याबाईंचं चौंडी आमच्या शेजारच्याच तालुक्यात, जामखेडला..."

"कशाला चाललात?"

"लेकीचं बाळंतपण."

"पहिलं?"

"पहिलं."

शिक्का बसला. ज्या माणसाला मी तालुका समजावून सांगत होतो, त्याला फक्त बाळंतपण कितवं ते हवं होतं. ही शेजारच्या खिडकीतून माझ्याआधी सुटली होती. तिचं जन्मस्थान मिरजगाव. मिरजगाव महाराष्ट्रात एकच असावं, कारण तिला कुणी काही विचारलं नाही.

आता अडकित्त्याचं सांगतो, म्हणजे सगळं सांगून झालं असं होईल.

माझ्याकडे वडिलांचा अडकित्ता होता. लोखंडी पातं, पितळी मुठी, एका मुठीवर मोर कोरलेला, आणि मोराची मान वडिलांच्या अंगठ्यानं आणि नंतर माझ्या अंगठ्यानं घासून घासून सपाट झालेली. चंचीत सुपारी, लवंग, चुन्याची डबी आणि हा. चंची कमरेला असते म्हणून ती सामानात मोजायची असते हे माझ्या डोक्यातच आलं नाही. लाडवातली खसखस निघाली, ओटीचं खोबरं किसलं, हिच्या पर्समधली तिखटाची डबीसुद्धा मीच काढून मोठ्या बॅगेत टाकली, कारण तिखट हातातल्या सामानात चालत नाही हे मला माहीत झालं होतं. स्वतःच्या कमरेचं मला दिसलं नाही.

पट्टा काढा, घड्याळ काढा, खिसे रिकामे करा, सगळं ट्रेमध्ये. चंचीही ट्रेमध्ये. ट्रे यंत्रात गेला आणि यंत्र थांबलं. पडद्याशी बसलेल्यानं मान पुढे केली. दुसऱ्याला बोलावलं. दोघांनी मिळून पाहिलं. चंची बाजूला आली.

"ये किसका है?"

"माझं."

"इसमें क्या है?"

"अडकित्ता."

त्याला कळेना. मी सुपारी कातरायची खूण करून दाखवली. त्यानं तो उघडला, मिटला, पातं अंगठ्यानं तपासलं. "अच्छा, सरौता!" त्याचा चेहरा एकदम पाघळला. "मेरे दादाजी के पास था." दोघंही मिनिटभर अडकित्त्याकडे बघत राहिलो. मला वाटलं सुटलो. मग तो म्हणाला, "अंकल, जाएगा नहीं."

मोठ्या बॅगा केव्हाच पट्ट्यावरून आत गेलेल्या. बाहेर क्रूझरला फोन लावला, ती खालापूर ओलांडून गेलेली. पासपोर्टावर शिक्का बसलेला, म्हणजे कागदोपत्री मी आता भारतात नव्हतो. अडकित्ता मात्र होता. काचेच्या पेटीत कात्र्या, नेलकटर, लायटर, एक खुरपं (हे कुणी आणलं असेल?) असा ढीग पडला होता, त्यात तो गेला. पडताना आवाज मात्र ओळखीचा झाला. सुपारी माझ्याकडे राहू दिली. अख्खी.

हिला तिकडे पडद्यामागे महिला जवानानं तपासलं. जोडवी, मंगळसूत्र, बांगड्या यांनी यंत्र सारखं ओरडत होतं. ती बाहेर आली तेव्हा तिला एवढी माहिती होती: त्या पोरीचं माहेर रोहतकजवळ, दोन मुलं, सासू सांभाळते, थोरल्याला दमा. हिला हिंदी येत नाही. तिला मराठी येत नाही.

पुढचा रस्ता दुकानांतून जातो. बाजूनं नाही, मधूनच. देवळात दर्शन घेऊन बाहेर पडताना जसं पेढे, कुंकू, फोटोंच्या दुकानांतूनच यावं लागतं, तसं इथं अत्तरं, चॉकलेटं आणि दारूच्या मधून वळणं घेत जायचं. एका मुलीनं हिच्या मनगटावर अत्तर मारलं. हिनं तिला कुंकू लावायला पर्स उघडली, पण कुंकवाची डबी तिखटाच्या डबीबरोबर बॅगेत गेली होती. पुढे भिंतीवर जुन्या वाड्यांची दारं, खिडक्या, कोनाडे, देव्हारे. देशभरातल्या हजारो वस्तू गोळा करून, राजीव सेठी यांच्या देखरेखीखाली, या टर्मिनलात तीन किलोमीटर भरेल एवढी भिंत सजवलीय. खरंच देखणी आहे. नुसती ही भिंत बघायला तिकीट काढून लोक आले असते. ही एका सागवानी चौकटीपुढे थांबली.

"आपल्या वाड्याचं दार असंच होतं."

"होतं."

"तुम्ही भंगारवाल्याला दिलं."

"त्यानं चांगले पैसे दिले होते."

"तेच म्हणते. त्याला कळलं होतं."

यावर बोलण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी स्वच्छतागृहात गेलो. तिथल्या नळाला चावी नाही. आमच्याकडे नळाला पाणी आलं की आपण हात पुढे करतो. इथं हात पुढे केले की पाणी येतं. हे कळायला वेळ लागला. तोवर एकेका नळापुढे मी हात जोडून उभा होतो, आणि तिसऱ्या नळाला दया आली.

मग गेट. बोर्डिंग पासवर आकडे पुष्कळ असतात. मी त्यातला एक गेटचा म्हणून पाठ केला, तिथवर सरकत्या पट्ट्यावरून गेलो, हिनं शेजारच्या दोन खुर्च्यांवर शाल टाकून जागा धरली, आणि आम्ही निवांत बसलो. आजूबाजूला सगळी गोरी माणसं. दुबईला एवढे गोरे? मला शंका आली, पण छापील आकड्याशी जमत होतं.

एक सफाईवाला मोठं झाडण्याचं यंत्र ढकलत आला. वय चाळीसच्या आतबाहेर. त्याच्याकडे पाहिलं आणि माझी जुनी सवय उफाळून आली.

"दादा, दुबईचं विमान इथंच लागतं ना?"

त्यानं यंत्र थांबवलं. अख्ख्या टर्मिनलात पहिला माणूस, जो विचारल्यावर थांबला. माझ्या हातातला पास घेतला, वाचला.

"हे शीट नंबर हाय, मास्तर. गेट हे वरचं. लई लांब हाय, तिकडच्या टोकाला." मग वर पाहून, "कुठलं तुम्ही?"

मास्तर हे त्यानं कशावरून ओळखलं, माहीत नाही. मी सावधपणे म्हटलं, "कर्जत."

मी 'राशीनजवळचं' म्हणायला तोंड उघडलं होतं.

"राशीनच्या अलीकडचं ना? आमी आष्टीचं. मिरजगावच्या बाजाराला येतो की."

ही उठून उभी राहिली. "मिरजगाव? कुणाच्यातले तुम्ही?"

पुढची दहा मिनिटं विमान, गेट, दुबई सगळं बाजूला राहिलं. त्याच्या चुलतीचं माहेर हिच्या मावशीच्या गल्लीत निघालं. त्याचा मुकादम दोनदा येऊन बघून गेला. मग त्यानंच घड्याळ दाखवलं, शाल उचलून हिच्या हातात दिली, आणि यंत्र ढकलत आमच्या पुढे निघाला, त्याची हद्द संपली तिथपर्यंत आला, आणि पुढच्या माणसाला ओरडून सांगितलं, "ए, आपल्या गावची माणसं हायेत, दुबईच्या गेटला सोड." सबंध टर्मिनलात तेवढी एकच घोषणा मी ऐकली, आणि ती कळली.

गेटवर पोचलो तेव्हा लोक उठून रांगेत उभे राहिले होते. प्रत्येकाची सीट ठरलेली, गट क्रमांकानं बोलावणार हेही सांगितलेलं, तरी सगळे उभे. सूटवालाही त्यात होता, कानात बोंडुक घालून. तो माझ्याजवळ आला, बोंडुक काढलं आणि हळूच विचारलं, "अंकल, ये दुबई की ही लाइन है ना?"

मी म्हटलं, "हो. मीही कुणाला तरी विचारूनच आलोय."

नातू झाला. लाडू पुरले. जावईबापूंना आमटीनं पुन्हा घाम आला. त्या महिन्यात मी सुपारी अख्खी चघळली आणि एक दाढ गमावली. परवा नातवाच्या पासपोर्टाचा फोटो आला. जन्मस्थानाच्या रकान्यात दुबई. दुबई एकच आहे.